मधली माणसं : निफाडचं द्राक्ष रॉटरडॅमला पोचतं कसं?

"माल आपला, पैसा त्यांचा. मग मधे एवढी माणसं कशाला?"

निर्यातीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा बागायतदार असतो, नाहीतर छोटा कारखानदार, आणि त्याच्या सुरात थोडा संशयही असतो. मधला प्रत्येक जण आपला वाटा काढून घेणार, तेव्हा मधले जितके कमी तितकं आपल्या पदरात जास्त, असा त्याचा हिशेब. वरवर पाहता तो चुकीचाही नाही. रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याशी मोबाईलवर थेट बोलता येतं, पैसे थेट खात्यात येतात. मग क्लिअरिंग एजंट, फॉरवर्डर, लॅबवाले, विमावाले ही फौज कशासाठी पोसायची?

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीने २०१४ मध्ये केनियातून नेदरलँड्सला निघालेल्या एका कंटेनरचा माग काढला. आत गुलाब आणि ॲव्होकाडो होते. म्हणजे ना यंत्रसामग्री, ना स्फोटकं, अगदी साधा माल. तरीही त्या एका कंटेनरला सुमारे ३० माणसांचे आणि संस्थांचे हात लागले, आणि त्यांच्यात निरोपांची व कागदांची देवाणघेवाण दोनशेहून अधिक वेळा झाली. हे तीस जण करतात काय, आणि त्यांची मोट बांधायची कोणी, हा या प्रकरणाचा विषय आहे. केनियाचा कंटेनर तिथेच राहू द्या. आपण नाशिक जिल्ह्यातला घेऊ.

१. मधे नेमकं कोण असतं?

निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातला थॉम्पसन जातीचा एक प्लॉट धरा. युरोपला माल पाठवायचा असेल तर हंगामाआधीच त्या प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी होते. तोडणी जवळ आली की अधिकृत प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन सॅम्पल घेतो आणि द्राक्षांत कीडनाशकांचे अंश किती उरलेत ते तपासलं जातं. बागायतदार त्याला 'रेसिड्यू' म्हणतात, आणि प्लॉट 'पास' की 'फेल' एवढंच विचारतात.

पास झाला की तोडणी, आणि तिथून क्रेट पॅकहाऊसला. लांबलचक टेबलांशी बसलेल्या बायका एकेक घड देठाला धरून उचलतात, फिरवून पाहतात आणि तडकलेला, डागी किंवा बारका मणी कात्रीच्या टोकाने अलगद काढतात. मण्याला बोट लावायचं नाही, कारण वरचा पांढुरका थर पुसला गेला की घड शिळा दिसतो. निवडलेला माल पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यांत, पनेट खोक्यात, खोकी प्री-कूलिंगला आणि मग शीतगृहात. त्यानंतर प्रतवारीचा ॲगमार्क दाखला. मग 'फायटो', म्हणजे या मालाबरोबर कीड-रोग जात नाहीत अशी ग्वाही देणारं सरकारी प्रमाणपत्र.

रिकामा रीफर, म्हणजे थंड कंटेनर, देते जहाज कंपनी. तो पॅकहाऊसला आणून परत न्हावा शेवा बंदरात नेतो ट्रेलरवाला. कस्टम्सचं काम बघतो क्लिअरिंग एजंट, ज्याला सगळे अजून सीएचए म्हणतात. शिवाय टर्मिनल, बँक आणि विमा कंपनी. ही झाली इकडची यादी. तिकडे माल उतरवून घेणारा एजंट, तिथली तपासणी, पुन्हा शीतगृह, लागलं तर पुन्हा पॅकिंग, आणि शेवटी सुपरमार्केटचं गोदाम.

यातला कोणीही द्राक्ष पिकवत नाही आणि खातही नाही. पण यातला एक जरी गळला तर पिकवणाऱ्याचं द्राक्ष खाणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

२. कोणी कोणाचं ऐकायचं?

कारखान्यात वरपासून खालपर्यंत हुकूम चालतो. इथे तसं काही नाही. कस्टम्सचा अधिकारी निर्यातदाराचा नोकर नाही. जहाज कंपनीला एका कंटेनरने फरक पडत नाही. लॅबने तर कोणाचंच ऐकू नये, तिची किंमतच त्यात आहे. मग ज्याच्या हातात कसलाच अधिकार नाही, त्याने या सगळ्यांना एका वेळापत्रकात बसवायचं कसं?

याचं उत्तर आपल्याकडे आळंदी-पंढरपूर वाटेवर दर आषाढात दिसतं. माउलींच्या पालखी सोहळ्यात शेकडो दिंड्या असतात. कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, कितव्या क्रमांकाला, हे ठरलेलं. प्रत्येकीचा स्वयंपाक वेगळा, ट्रक वेगळा, तंबू वेगळे. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार त्यांना पगार देत नाहीत की शिधा देत नाहीत. तरी मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावला की एवढा मोठा जनसमुदाय गप्प होतो. फक्त एक सोय ठेवलेली आहे. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, निवाडा होतो आणि मग आरती.

व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवावी अशी ही रचना आहे. क्रम आधीच ठरलेला असल्यामुळे रोज वाद घालावा लागत नाही. आपापलं अंतर्गत काम ज्याने त्याने आपल्या पद्धतीने करायचं, त्यात कोणी नाक खुपसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अडचण असलेल्याने आवाज करायचा, इतरांनी गप्प राहायचं.

निर्यातीत हे चोपदाराचं काम बहुधा फॉरवर्डर करतो. फॉरवर्डर म्हणजे स्वतःचं जहाज नसलेला, पण जहाजात जागा मिळवणारा, ट्रेलर ठरवणारा, कागद पुढे सरकवणारा माणूस किंवा कंपनी. कधी हे काम निर्यातदाराच्याच ऑफिसातला एखादा अनुभवी माणूस करतो, त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर भलतंच पद असतं. पण सगळ्यांकडे नंबर त्याचाच असतो. काम एकच : प्रत्येकाला त्याची वेळ कळवायची, आणि कोण टाळ वाजवतंय याकडे कान ठेवायचा.

अनेक निर्यातदार नेमकं याच्या उलट करतात. दर दोन तासांनी सगळ्यांना "काय झालं?" विचारतात आणि ज्याला खरंच अडचण आहे त्याचा फोन व्यस्त लागतो.

३. उलटं घड्याळ

समन्वयाचं वेळापत्रक पुढून मागे मांडतात. सुरुवात जहाजापासून.

समजा जहाज शनिवारी रात्री सुटणार आहे. टर्मिनलचं 'कटऑफ', म्हणजे कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, शुक्रवारी संध्याकाळी सहा. पिंपळगाव बसवंतकडून न्हावा शेवा दोनशे किलोमीटरच्या आसपास. मधे कसारा घाट, भिवंडी, कळंबोली. ज्याने हा रस्ता हंगामात पाहिलाय तो ट्रेलर गुरुवारी संध्याकाळीच सोडेल. म्हणजे भरणी गुरुवारी दुपारी. त्याआधी सकाळी तपासणी आणि फायटो. म्हणजे बुधवारी रात्रीपर्यंत सगळी खोकी शून्य अंशाच्या आसपास थंड झालेली हवीत. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण १३ टन माल बसतो. एवढी तोडणी आणि निवड व्हायला सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन सकाळी धरा. ऊन चढायच्या आत जेवढी तुटतात तेवढीच तोडायची. म्हणजे लॅबचा रिपोर्ट त्याआधीच्या शनिवारी हातात हवा, सॅम्पल त्याच्याही आधी काही दिवस गेलेलं हवं, आणि कंटेनरचं बुकिंग त्याच्याही आधी.

यात नवख्या माणसाला न कळणारी एक गोष्ट आहे. रीफर कंटेनर माल थंड करत नाही. थंड केलेला माल थंड ठेवतो, तेवढीच त्याची ताकद. कोमट माल आत भरला तर तो रॉटरडॅमपर्यंत कोमटच राहतो, आणि पनेटमध्ये पाणी सुटून बुरशी धरते. म्हणून भरणीच्या वेळी जाणता सुपरवायझर खोलीच्या थर्मामीटरकडे बघत नाही. तो खोक्यातला एक मणी उचलतो, त्यात सुईसारखा थर्मामीटर खुपसतो आणि गराचं तापमान बघतो. आकडा जास्त निघाला तर दारात उभा असलेला ट्रेलर थांबवायचा. ट्रेलरवाला ओरडणार, जहाज चुकण्याची धास्ती वाटणार, पण थांबवायचाच. समन्वय करणाऱ्याची खरी परीक्षा अशा वेळी होते, कारण त्याच्या वेळापत्रकात 'थांबणे' असा रकाना नसतो.

घड्याळाची आणखी एक गंमत आहे. जानेवारीत रॉटरडॅम आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथलं ऑफिस नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे दीड वाजलेला असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऐन हंगामात फरक साडेतीन तासांवर येतो. लेबलवरच्या मजकुरात दुरुस्ती सांगणारा मेल जानेवारीत तिथून दुपारी चारला निघाला, तर आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि छापखाना बंद.

सणवारांचंही तसंच. ईस्टरच्या सुट्ट्या बहुतेक वेळा आपल्या हंगामातच येतात, आणि त्याआधी तिकडे फळांना मागणी वाढते. त्याच सुमारास इकडे होळी. नाशिक भागातल्या बागांत आणि पॅकहाऊसात पेठ, सुरगाण्याकडचे आदिवासी मजूर मोठ्या संख्येने असतात आणि होळी हा त्यांचा वर्षातला मोठा सण. ते गावाला जाणार म्हणजे जाणारच, आणि का जाऊ नये? जो दोन्ही देशांचं कॅलेंडर भिंतीवर शेजारी शेजारी लावतो, तो जानेवारीतच व्यापाऱ्याला सांगून ठेवतो की अमुक आठवड्यात दोन कंटेनर कमी येतील. जो लावत नाही, तो त्या आठवड्यात मजुरांना नावं ठेवतो.

४. घोडं पेंड खातं ते जोडात

प्रत्येकाने आपलं काम चोख केलं तर माल चोख पोचेल, असं वाटणं साहजिक आहे. एक छोटा हिशेब करू.

समजा वाटेत वीस ठिकाणी काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं. प्रत्येक ठिकाणी शंभरातल्या ९५ वेळा सगळं बिनचूक होतं. ऐकायला झकास वाटतं. पण वीसच्या वीस ठिकाणी बिनचूक होण्याची शक्यता काढायची तर ०.९५ ही संख्या वीस वेळा घेऊन त्यांचा गुणाकार करायचा. उत्तर येतं ०.३६. म्हणजे शंभरातले ६४ कंटेनर कुठे ना कुठे अडखळणार. प्रत्येक जोड शंभरात ९९ वेळा नीट बसवला तर उत्तर ०.८२ वर जातं. चार टक्क्यांची सुधारणा, पण निम्म्याहून जास्त कंटेनरांऐवजी पाचातला एकच अडखळतो. समन्वयावर खर्च करायचा तो या चार टक्क्यांसाठी.

जोड निसटला की काय होतं, हे द्राक्षाच्या धंद्याने २०१० मध्ये पाहिलं. द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणीनंतर फुटी जोमाने नुसत्याच वाढू नयेत, काडीत घड धरावा, म्हणून क्लोरमेक्वॅट क्लोराइड नावाचं वाढरोधक फवारण्याची पद्धत होती. बागायतदारांच्या बोलण्यात ते 'सीसीसी'. फवारणी उन्हाळ्यात, द्राक्षं पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये. इतक्या महिन्यांनंतर त्याचा अंश फळात राहील असं बागेत कोणाच्या मनातही येत नसे.

२०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत सीसीसीचे अंश सापडले. तिथली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. १३ टनांच्या कंटेनरला हे गणित लावून बघा : १३,००० गुणिले ०.०५ म्हणजे ६५० मिलिग्रॅम. अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून एक ग्रॅमसुद्धा नाही, यापेक्षा जास्त निघालं की माल नाकारायचा. माल नाकारला गेला, बंदरात आणि गोदामात अडकला, आणि नुकसान उलट्या दिशेने वाहत बागेपर्यंत आलं.

आता चूक कोणाची शोधा. लॅबने तपासायच्या यादीतलं प्रत्येक रसायन तपासलं होतं, पण सीसीसी त्या यादीत नव्हतं. बागायतदाराने वर्षानुवर्षांच्या पद्धतीने फवारणी केली होती. निर्यातदाराकडे 'पास' असा रिपोर्ट होता. मर्यादा युरोपात ठाऊक होती, फवारणी बागेत ठाऊक होती. या दोन माहित्यांची गाठ घालून देणं मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. अशा वेळी चौकशी समिती नेमली की प्रत्येक जण आपापला कागद दाखवून सुटतो, आणि तो खरंही बोलत असतो. पुढे सीसीसी तपासणीच्या यादीत आलं आणि बागायतदारांना ते न वापरण्याच्या सूचना गेल्या. जोड बसला, पण एका हंगामाची किंमत मोजून.

५. कागद मालाच्या पुढे धावतो

कंटेनर समुद्रात असताना त्याचे कागद हवेतून पुढे जातात, कारण कागद नसले तर रॉटरडॅमला उतरलेला कंटेनर म्हणजे भाडं खाणारी पेटी. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल, फायटो या सगळ्यांवरची नावं, वजनं आणि नग एकमेकांशी जुळावे लागतात. बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, ही माल ताब्यात घेतल्याची जहाज कंपनीची पावती. मूळ बीएल ज्याच्या हातात, माल त्याचा.

कागदांचा सगळ्यात कडक मास्तर म्हणजे एलसी, लेटर ऑफ क्रेडिट. खरेदीदाराची बँक सांगते, ठरलेले कागद आणून दाखवा, पैसे मी देते. यासाठी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे नियम आहेत. आजचे नियम २००७ पासून लागू आहेत आणि त्यांना यूसीपी ६०० म्हणतात. त्यांचं एक तत्त्व नवख्याला अन्यायाचं वाटतं : बँक कागद बघते, माल बघत नाही. द्राक्षं अमृतासारखी असोत, इन्व्हॉइसवर २,६०० खोकी आणि पॅकिंग लिस्टवर २,५६० असतील तर बँक कागद परत करते. एलसीत वेगळं काही लिहिलं नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद सादर करायचे, आणि तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस.

ताज्या फळांत एलसी कमीच चालते. तिथे बहुतेक माल विश्वासावर जातो. थोडी उचल आधी, बाकीचे पैसे विक्री झाल्यावर. यंत्रसामग्रीच्या निर्यातीत एलसी जास्त भेटते. पण कागद जुळवायची शिस्त दोन्हीकडे एकच, आणि ती लावायचा सोपा मार्गही एकच. सगळे कागद एकाच माणसाने एकाच बैठकीत शेजारी ठेवून वाचायचे. चार जणांनी चार कागद तपासले तर चारही बरोबर ठरतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत.

६. नुकसान कोणाच्या अंगावर?

वाटेत माल बिघडला तर भरपाई कोण देणार, हे बिघडायच्या आधी ठरवावं लागतं. त्यासाठी इन्कोटर्म्स नावाचे नियम १९३६ पासून आहेत. सध्याची आवृत्ती २०२० ची, त्यात ११ प्रकार. रोजच्या बोलण्यात येणारे दोन : एफओबी आणि सीआयएफ. एफओबीमध्ये माल जहाजावर चढवेपर्यंत विकणाऱ्याचा खर्च आणि जोखीम, पुढचं सगळं घेणाऱ्याचं. सीआयएफमध्ये जहाजभाडं आणि विमा विकणारा भरतो, म्हणून बहुतेकांना वाटतं की माल पोचेपर्यंत जोखीमही त्याचीच. तसं नाही. माल जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याकडे जाते. पैसे एकाने भरायचे, धोका दुसऱ्याचा, अशी ही तऱ्हा आहे आणि करारावर सही करणाऱ्या कित्येकांना ती माहीत नसते.

आता विमा. २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन हे अजस्र जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस वाट बंद राहिली. तो द्राक्षांचा हंगाम. मग २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. न्हावा शेवा ते रॉटरडॅम हे अंतर सुएझमार्गे साडेसहा हजार सागरी मैलांच्या आत-बाहेर, केप ऑफ गुड होपवरून दहा हजारांच्या वर. प्रवास दहा-चौदा दिवसांनी वाढला. लोखंडाच्या नळ्यांना त्याने फरक पडत नाही. द्राक्षाच्या हिरव्या देठाला पडतो. देठ तपकिरी झाला की मणी चांगला असूनही भाव पडतो.

अशा वेळी निर्यातदार विमा कंपनीकडे जातो. नेहमीच्या सागरी विम्यात उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, मग उशीर कशानेही होवो. ठीक आहे, म्हणून तो ईसीजीसीकडे वळतो. १९५७ पासून मुंबईत असलेली ही सरकारी कंपनी परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई देते. पण खरेदीदार म्हणतो, मी बुडवत नाहीये, माल खराब आला म्हणून कमी देतोय. म्हणजे हा दर्जाचा वाद झाला, आणि वाद निर्यातदाराच्या बाजूने सुटेपर्यंत ईसीजीसीचं संरक्षण लागू होत नाही. दोन पॉलिसी, दोन्हींचे हप्ते भरलेले, आणि नुकसान दोघींच्या मधल्या फटीत पडलेलं.

ही फट पॉलिसी विकणारा दाखवत नाही, कारण त्याला दुसरी पॉलिसी माहीत नसते. ती दाखवणं समन्वय करणाऱ्याचं काम. तो फट बुजवू शकेलच असं नाही, पण करारात काही गोष्टी आधी लिहून घेऊ शकतो. माल उतरल्यापासून किती तासांत तक्रार करायची, त्रयस्थ सर्वेअर कोण असेल, कंटेनरमधल्या तापमान नोंदणाऱ्या यंत्राचा कागद कोण कोणाला देईल. तक्रारीची मुदत लिहिलेली नसेल तर बाजार पडला की माल खराब होतो, हा या धंद्यातला जुना अनुभव आहे.

७. सगळं एका पडद्यावर आणलं तर?

संगणकाच्या जमान्यात हा प्रश्न येणारच. याला दोन उत्तरं मिळाली आहेत, आणि दोन्ही शिकण्यासारखी आहेत.

पहिलं उत्तर आपल्याकडचं. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडल्यावर तपासणीची शिस्त बसवली गेली आणि २००६ मध्ये अपेडाने ग्रेपनेट सुरू केलं. अपेडा म्हणजे शेतमाल व प्रक्रिया पदार्थांच्या निर्यातीचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था. नोंदलेल्या प्रत्येक प्लॉटला क्रमांक, त्यावर लॅबचा निकाल, पॅकहाऊसची नोंद, ॲगमार्क, फायटो, सगळं एकाच साखळीत. प्लॉट फेल झाला तर पुढची खिडकी उघडतच नाही. रॉटरडॅमच्या गोदामातल्या खोक्यावरून बागेपर्यंत उलटा माग काढता येतो. पण २०१० चा घोटाळा ग्रेपनेट असतानाच झाला, हेही विसरायला नको. पडदा फक्त तेच दाखवतो जे विचारायचं ठरलेलं असतं.

दुसरं उत्तर मर्स्कचं. त्या केनियाच्या कंटेनरचा धडा घेऊन मर्स्कने आयबीएमबरोबर २०१८ मध्ये ट्रेडलेन्स नावाची व्यवस्था आणली. जहाज कंपन्या, बंदरं, कस्टम्स अशा सगळ्यांनी आपली माहिती एका ठिकाणी टाकायची. तंत्र उत्तम होतं. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. कारण सांगितलं गेलं की साऱ्या धंद्याचं हवं तेवढं सहकार्य मिळालं नाही. माझ्या मते यात नवल नव्हतं. आपली गिऱ्हाइकं कोण आणि किती, ही माहिती प्रतिस्पर्ध्याने उभारलेल्या घरात कोण ठेवेल? ग्रेपनेट टिकलं, कारण त्यामागे धंद्यात वाटा नसलेली संस्था होती आणि त्यात न शिरता युरोपला माल जातच नव्हता.

८. मग हे काम द्यायचं कोणाला?

फॉरवर्डरला द्या, आपला माणूस ठेवा, किंवा दहा जणांनी मिळून एक व्यवस्था उभी करा. तिसरा मार्ग महाराष्ट्राला ओळखीचा आहे. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स उभारली, पणन मंडळाचा हात पाठीशी होता. प्री-कूलिंग, शीतगृह, पॅकिंगचं साहित्य, परदेशी खरेदीदाराशी बोलणी, हे एकेका संस्थेला झेपणारं नव्हतं. पुढे दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपनीने बागेतल्या सल्ल्यापासून कंटेनर भरण्यापर्यंतची बरीच कामं एका आवारात आणली.

कोणताही मार्ग घ्या, आधी एक गोष्ट बघा. त्या माणसाचे पैसे कशातून सुटतात? जहाजभाड्यातल्या फरकावर कमावणारा फॉरवर्डर त्याला जास्त सुटणारं जहाज सुचवेल, ते चार दिवस उशिरा पोचणारं असलं तरी. किलोमागे कमिशन घेणारा कोमट मालही भरायला सांगेल, कारण न भरलेल्या मालावर कमिशन नाही. यात लबाडी असतेच असं नाही, ज्याचं पोट जिथे त्याची नजर तिथे. म्हणून मला ठरावीक मेहनताना देणं बरं वाटतं, आणि वर पोचलेल्या मालाच्या दर्जावर थोडं बक्षीस. बिलात तो आकडा वेगळा दिसतो, डोळ्यांत खुपतो, घासाघीस होते. एरवी तोच खर्च भाड्यात मुरलेला असतो आणि कोणी विचारत नाही.

हे काम जहाज सुटल्यावर संपतं असं समजणारेही खूप आहेत. द्राक्षांचा शेवटचा कंटेनर एप्रिलच्या आसपास निघतो. तो पोचून, विकला जाऊन, तक्रारी मिटून व्यापाऱ्याचा अंतिम हिशेब यायला मे उलटतो, कधी जूनही. तोपर्यंत बागेत खरड छाटणी झालेली असते आणि पुढच्या हंगामातल्या फळाला भोवतील अशा फवारण्याही सुरू झालेल्या असतात. म्हणजे गेल्या वर्षीचे पैसे हाती यायच्या आधी पुढच्या वर्षीच्या रेसिड्यूची बीजं पेरली जातात. त्यामुळे मुरलेला समन्वयक मार्चमध्येच, कंटेनरांच्या धावपळीत, तिकडच्या खरेदीदाराला मेल टाकून विचारतो की पुढच्या हंगामासाठी तुमच्या सुपरमार्केटांची रसायनांची यादी बदलतेय का. उत्तर आलं की ते मराठीत करून, औषधांची बाजारातली नावं घालून, छाटणीच्या कात्र्या बाहेर निघायच्या आत प्रत्येक बागायतदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि ज्यांच्या नावापुढे दोन निळ्या खुणा दिसत नाहीत त्यांना फोन करतो.